जेरिकोच्या एका व्यक्तिचित्राची प्रतिकृती करताना

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकणाऱ्याने निदान एका जुन्या चित्राची प्रतिकृती पूर्ण करावी, असा आमच्या सरांचा आग्रह होता, आणि चित्र निवडण्याचे काम त्यांनी ज्याचे त्याच्यावर सोपवले होते. वर्गातल्या काहींनी रेम्ब्रांटची उतारवयातली आत्मचित्रे घेतली, काहींनी देलाक्रुवाची दफनभूमीत बसलेली अनाथ मुलगी घेतली. मी थिओडोर जेरिको या फ्रेंच चित्रकाराने रंगवलेल्या एका वृद्ध स्त्रीचे चित्र घेतले. फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या ललितकला संग्रहालयात असलेले हे चित्र ७२ सेंटिमीटर उंच आणि ५८ सेंटिमीटर रुंद आहे. गडद पार्श्वभूमी, डोक्यावर सैल बसलेली झालरीची पांढरी टोपी, अंगात काळपट डगला, गळ्याशी कापडाचा तांबूस-नारिंगी पट्टा आणि लालसर कडांचे डोळे, जे पाहणाऱ्याच्या नजरेला नजर देत नाहीत. चित्रात याहून फारसे काही नाही. हात दिसत नाहीत, खोली दिसत नाही, कुठलीही वस्तू दिसत नाही. जे काही सांगायचे ते चेहऱ्याला आणि टोपीलाच सांगावे लागते, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने या चित्राचे मोल मला तिथेच वाटले.

हे चित्र ‘मत्सराचा एकांगी उन्माद’ अशा अर्थाच्या नावाने ओळखले जाते. १८१९ ते १८२३ या काळात केव्हातरी जेरिकोने मनोरुग्णांची जी व्यक्तिचित्रे केली, त्यांतले हे एक आहे. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयाशी संबंधित असलेला तरुण वैद्य एतिएन-झां जॉर्झे याच्यासाठी ती केली गेली, असे मानले जाते. एस्किरोल या नामवंत वैद्याचा तो शिष्य. एखादाच विचार किंवा एखादीच वासना माणसाला ग्रासून टाकते आणि बाकी बुद्धी शाबूत राहते, या अवस्थेला त्या परंपरेत ‘एकांगी उन्माद’ (मोनोमेनिया) असे वेगळे नाव होते, आणि जेरिकोची माणसे त्या अवस्थेची उदाहरणे म्हणून रंगवली गेली. १८६३ साली लुई विआर्दो या समीक्षकाला बाडेन-बाडेनमध्ये यांतली पाच चित्रे आढळली. मूळची चित्रे दहा होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या पाचांपैकी ल्योंची ही वृद्धा एक. जुगाराच्या नादी लागलेली स्त्री पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, चोरीचे वेड असलेला पुरुष बेल्जियममधल्या गेंट शहरात आहे, स्वतःला सेनापती समजणारा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला आहे, आणि मुले पळवणारा अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला आहे. त्या काळी लूव्रने ही चित्रे विकत घ्यायला नकार दिला होता, हे वाचून आजही आश्चर्य वाटते.

वर्गात एका सहाध्यायाने विचारले होते की दुसऱ्याचे चित्र उतरवून स्वतःचे असे काय मिळणार. या प्रश्नाला जेरिकोचे स्वतःचे शिक्षण हे चांगले उत्तर आहे. १७९१ साली रुआं शहरात जन्मलेला हा मुलगा आधी कार्ल व्हेर्नेकडे आणि मग गेरँच्या चित्रशाळेत शिकला. याच गेरँकडे पुढे देलाक्रुवाही शिकला. पण जेरिकोची खरी शाळा लूव्र होती. नेपोलियनच्या काळात युरोपभरातून आणलेली चित्रे तिथे एकत्र झाली होती, आणि जेरिको तिथे रुबेन्स, तित्सियान, काराव्हाज्जो, रेम्ब्रांट यांच्या चित्रांच्या प्रतिकृती करत असे. आपल्याकडेही ही वाट अनोळखी नाही. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. त्या विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे मुंबईतले नाणावलेले व्यक्तिचित्रकार झाले. त्या प्रतिकृतींपैकी पुष्कळशा १८८५ साली लंडनमध्ये आगीत जळाल्या. कागदावर आणि कॅनव्हासवर काही उरो वा न उरो, ती चित्रे उतरवणाऱ्यांच्या हातात जे उतरले होते ते मात्र जळण्यासारखे नव्हते, असे मी मानते.

मी कॅनव्हास मुद्दाम मूळ चित्राहून लहान घेतला. लूव्रमध्ये आजही जे चित्रकार परवाना काढून प्रतिकृती करतात, त्यांना मूळ आकाराहून एक पंचमांश लहान किंवा मोठा कॅनव्हास घ्यावा लागतो, म्हणजे प्रतिकृती मूळ म्हणून खपवली जाण्याचा धोका राहत नाही. पुण्यातल्या माझ्या खोलीत हा नियम मला लागू नव्हता, तरी तो मला योग्य वाटतो म्हणून मी पाळला. त्याचा एक अनपेक्षित फायदाही झाला. आकार बदलला की मापे जशीच्या तशी उचलता येत नाहीत. प्रत्येक अंतर दुसऱ्या अंतराच्या प्रमाणात पाहावे लागते. हनुवटीपासून खालच्या पापणीपर्यंतचे अंतर टोपीच्या उंचीशी कसे जुळते, नाकाचा अक्ष टोपीच्या अक्षाशी किती कलतो, अशा प्रश्नांची उत्तरे शोधतच रेखाटन पुढे सरकले. चौकटी आखून रेखाटन उतरवणे सोपे झाले असते, आणि त्यात गैर काही नाही, पण माझा हेतू डोळा तयार करण्याचा होता. त्यामुळे मी फक्त एक उभी आणि एक आडवी मध्यरेषा आखली.

आज बाजारात मिळणारा तयार कॅनव्हास पांढराशुभ्र असतो, आणि त्या पांढऱ्यावर कोणताही मधला रंग काळा वाटतो. म्हणून बर्न्ट अंबर या तपकिरी रंगात किंचित काळा मिसळून, टर्पेंटाइनने पातळ करून तो सगळीकडे लावला आणि कापडाने पुसून मध्यम तपकिरी पाया तयार केला. हे जेरिकोने केले होते असा माझा दावा नाही. त्याच्या प्रसिद्ध ‘मेड्युसाचा तराफा’ या चित्राबद्दल तर असे नोंदलेले आहे की त्याने थेट पांढऱ्या कॅनव्हासवर एकेक भाग पूर्ण करत काम केले. पण या चित्राचा मोठा भाग काळोखाचा असल्याने, शिकणाऱ्याला काळोखातून उजेडाकडे जाणे सोपे पडते. अंबरमध्ये मँगनीज असल्यामुळे तो लवकर वाळतो, हाही त्यातला लाभ, कारण पुण्याच्या पावसाळ्यात तैलरंग वाळायला नेहमीपेक्षा अधिक वेळ लागतो. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू शोषून ते घट्ट होते, आणि थंड-दमट हवेत हे काम सावकाश चालते. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ ठेवायचे आणि वरच्या थरांत तेल वाढवत न्यायचे, हा नियम याच कारणाने आहे. वरचा थर आधी आवळला आणि खालचा नंतर हलला, तर पृष्ठभागाला भेगा पडतात.

भेगांचा विषय निघाला आहे तर बिट्युमेनबद्दल लिहायला हवे. त्या काळातल्या पुष्कळ चित्रकारांप्रमाणे जेरिकोही हा डांबरी तपकिरी रंग वापरत असे. ताजा असताना त्याची पारदर्शक ऊब फार मोहक दिसते. पण तो कधीच पूर्ण वाळत नाही, काळाबरोबर काळवंडतो आणि पृष्ठभागाला सुरकुत्या पाडतो. ‘मेड्युसाचा तराफा’ आज इतका काळा दिसतो त्याचे एक मोठे कारण हेच आहे. म्हणजे जुन्या चित्राची प्रतिकृती करणारा माणूस दोन चित्रांसमोर उभा असतो: एक चित्रकाराने संपवलेले आणि दुसरे दोनशे वर्षांनी उरलेले. पिवळे पडलेले व्हार्निश, काळवंडलेल्या छाया आणि छायाचित्रांमधला फरक यांमुळे रंगाची नेमकी छटा कोणती, याचा निकाल लागत नाही. माझ्याजवळच्या एका छायाचित्रात डगला हिरवट होता, तर दुसऱ्यात तपकिरी. सरांनी सुचवले की दोन्ही छायाचित्रे कृष्णधवल करून पाहा. तसे केल्यावर दोन्हींत उजेड-काळोखाची प्रमाणे जवळजवळ सारखीच निघाली. तेव्हापासून मी आधी उजेडाची पायरी पक्की करते आणि रंगाची छटा त्या पायरीवर बसवते.

रंगांची निवड मी शक्य तितकी त्या काळाच्या जवळ ठेवली. शेंदरी लाल, मॅडर लेक हा गडद लाल, यलो ऑकर हा मातकट पिवळा, नेपल्स यलो, बर्न्ट सिएना, अंबर, आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा. कॅडमियमचे लाल-पिवळे जेरिकोच्या हयातीत चित्रकारांच्या पॅलेटवर आलेले नव्हते, त्यामुळे ते बाजूला ठेवले. अडचण पांढऱ्याची होती. त्याच्याकडे तैलरंगात शिशाचा पांढरा होता. तो विषारी आहे आणि घरात लहान मुले असताना मी तो आणणार नव्हते. आजचा टायटेनियम पांढरा चित्रकारांच्या वापरात आला तो १९२० च्या सुमारास. तो अतिशय अपारदर्शक आणि जोरकस आहे. त्वचेच्या रंगात तो जरा अधिक पडला की सगळी ऊब निघून जाते आणि गाल खडूने माखल्यासारखा दिसतो. शिशाचा पांढरा किंचित पारदर्शक राहतो, त्यामुळे खालचा उबदार थर त्यातून श्वास घेतो. मी टायटेनियममध्ये थोडा ऑकर आधीच मिसळून ठेवला, आणि उजेड वाढवायचा असेल तिथेही आधी नेपल्स यलोकडे वळून मगच पांढऱ्याकडे गेले.

या वृद्धेच्या चेहऱ्यावर मी सर्वाधिक वेळ घालवला तो उजेड आणि छाया यांच्या मधल्या पट्ट्यावर. छायाचित्र मोठे करून पाहिले तर गालफडावर आणि डोळ्यांखाली एक हिरवट-करडी झाक दिसते, आणि पहिला मोह होतो तो निळा किंवा हिरवा रंग पॅलेटवर घेण्याचा. त्याची गरज पडत नाही. आयव्हरी ब्लॅक आणि यलो ऑकर यांचे मिश्रण स्वच्छ ऑलिव्ह हिरवे होते; त्याच काळ्यात पांढरा मिसळला तर तांबूस रंगाशेजारी तो थंड निळसर भासतो. म्हणजे जी झाक आपल्याला निळी वाटते, तिच्यात निळ्याचा अंशही नसतो. शेजारचा लाल तिला निळी करतो. हे पुस्तकात अनेकदा वाचले होते. पण डोळ्याच्या कडेचा लाल लावल्याबरोबर शेजारचा तोच करडा रंग माझ्या समोर बदलला, आणि त्या क्षणी रंगाचे शेजारपण म्हणजे काय हे मला पटले. मग मी करड्याला हात न लावता फक्त लाल कमी-जास्त करत गेले, आणि संपूर्ण गाल त्याला प्रतिसाद देत राहिला.

टोपीने दुसरा धडा दिला. पांढरी टोपी पांढऱ्याने रंगवायची, ही आपली सवयीची समजूत. चित्रात मात्र टोपीचा बहुतेक भाग उबदार करडा आहे, आणि खरा पांढरा झालरीच्या मोजक्या कडांवर, जाड रंगाच्या सुट्या फटकाऱ्यांत आहे. चित्रातला सर्वांत तेजस्वी बिंदू टोपीवर राखून ठेवलेला असल्यामुळे चेहऱ्यावरचा उजेड त्याहून खालच्या पायरीवर राहतो. कपाळ आणि गालाचे हाड उजळ वाटतात, पण टोपीशेजारी ठेवले की ते किती मंद आहेत हे कळते. याचमुळे चेहऱ्यात रंगाला जागा मिळते. उजेड पार पांढऱ्यापर्यंत नेला असता तर लाल, पिवळा, हिरवट यांच्यासाठी काही शिल्लकच राहिले नसते. डगल्याची कड उलट बाजूचे शिकवते. ती जागोजागी पार्श्वभूमीत विरते. खांदा कुठे संपतो आणि काळोख कुठे सुरू होतो, हे सांगण्याची जेरिकोला गरज वाटलेली नाही, आणि म्हणून आपली नजर निमूटपणे चेहऱ्याकडे परतते.

ब्रशच्या फटकाऱ्यांविषयी सर एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत. “लावलेला रंग घासत बसू नका, ओल्यावर ओला ठेवा आणि हात उचला.” जेरिकोचा फटकारा आकाराच्या वळणाने जातो. गालाचे हाड जिथे वळते तिथे ब्रशही वळतो, कपाळावर तो आडवा जातो, आणि दोन छटांमधली सीमा मऊ ब्रशने पुसून टाकलेली नसते. मी डुकराच्या राठ केसांचे (हॉग हेअर) चपटे ब्रश वापरले आणि मऊ केसांचे सेबल ब्रश फक्त पापण्यांच्या कडांसाठी ठेवले. पाटीवर अक्षर गिरवताना अक्षराचा आकार तर कळतोच, पण हात कुठून सुरू करायचा आणि कुठे उचलायचा हेही कळते. इथेही तसेच झाले. टोपीखालून सुटलेल्या केसांची जागा पाहा: ते केस चेहरा आणि टोपी ओली असतानाच ओढले गेले असावेत, कारण त्यांच्या कडा दोन्हीकडच्या रंगात मिसळल्या आहेत. पूर्ण झालेल्या चित्राकडे नुसते पाहून हा क्रम उलगडत नाही. तो उलगडायला तोच प्रश्न आपल्या कॅनव्हासवर आपल्याला सोडवावा लागतो.

आता या चित्राच्या नावाविषयी. प्रतिकृती सुरू करताना मत्सर हा शब्द माझ्या डोक्यात होता, आणि डोळे रंगवायची वेळ आली तेव्हा तो मुद्दाम दूर ठेवावा लागला. युरोपातल्या कलाशाळांमध्ये भावनांचे साचे शिकवण्याची जुनी पद्धत होती. सतराव्या शतकात शार्ल ल ब्रँ याने राग, भय, विस्मय अशा भावनांसाठी भुवया कशा, ओठ कसे, याची चित्रांसह मांडणी केली, आणि पुढच्या पिढ्यांनी ती चित्रे उतरवून अभ्यास केला. मनोरुग्णांची रेखाटनेही जेरिकोच्या काळात होत होती. एस्किरोलने स्वतः ती करवून घेतली होती, आणि त्यांत चेहरा हा रोगाचा पुरावा होता. जेरिकोच्या चित्रात साचा सापडत नाही. या स्त्रीचे दोन डोळे एकसारखे नाहीत, ओठ घट्ट आहेत, भुवईखालची त्वचा सैल झाली आहे, आणि या प्रत्येक गोष्टीला वय, थकवा, जागरण, आजारपण अशी कितीतरी कारणे असू शकतात. पापणीच्या कडेचा लाल तुम्ही मत्सर दाखवण्यासाठी जरासा गडद केला, तर चेहरा तत्काळ सोंगाचा होतो. तो आहे तितकाच ठेवला, तर समोर एक माणूस उरतो.

या चित्रांबद्दल मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच आहे. त्या काळी अर्धाकृती व्यक्तिचित्राचा मान पैसेवाल्यांना, अधिकाऱ्यांना, घराण्यांना मिळत असे. जेरिकोने तोच आकार, तीच गडद शांत पार्श्वभूमी आणि तीच काळजी ज्यांचे नावही कोणी लिहून ठेवले नाही अशा माणसांना दिली. साखळ्या नाहीत, कोठडी नाही, विक्षिप्त हावभाव नाहीत. जहाज वाळूत रुतल्यावर तराफ्यावर टाकून दिलेल्या माणसांचे ‘मेड्युसाचा तराफा’ हे ४९१ बाय ७१६ सेंटिमीटरचे प्रचंड चित्र १८१९ साली प्रदर्शित करणारा हा चित्रकार पुढे एवढ्याशा कॅनव्हासवर एकेका उपेक्षित चेहऱ्याजवळ येऊन थांबला, आणि जानेवारी १८२४ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, मरण पावला. त्याच्या या शेवटच्या वर्षांतल्या कामाबद्दल मला जो आदर होता तो प्रतिकृती करताना वाढला, कारण पापणीच्या कडेवर त्याने किती संयम बाळगला आहे हे हातात ब्रश घेतल्यावरच कळते.

प्रतिकृती पूर्ण झाल्यावर मी कॅनव्हासच्या मागे मूळ चित्रकाराचे नाव, संग्रहालयाचे नाव, ‘प्रतिकृती’ हा शब्द, माझे नाव आणि साल लिहिले. व्हार्निश अजून लावलेले नाही, कारण झालरीवरचा जाड रंग पुरता वाळायला बराच अवधी लागेल. मॅडर लेकचे थरही सावकाश वाळतात.

सध्या मावशी माझ्यासमोर बसते. वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावरून घेतलेला पांढरा पदर, खिडकीतून एका बाजूने येणारा उजेड. पदर पांढरा आहे म्हणून तो पांढऱ्याने भरण्याची घाई आता होत नाही. आधी चेहऱ्याच्या उजेडाची पायरी ठरवते, मग पदराला त्याच्या वर थोडी जागा ठेवते. “मी रागावलेली नको गं दिसायला,” असे ती म्हणाली, तेव्हा मी तिला सांगितले की मी तुझा राग किंवा हसू काही रंगवत नाही, जसा उजेड पडतो आहे तसा लावते आहे. गालाचा करडा रंग काळा आणि ऑकर यांतूनच निघाला, निळ्याची ट्यूब उघडावी लागली नाही. पुढच्या बैठकीत डाव्या डोळ्यापासून सुरुवात करायची आहे, कारण तो उजव्याहून किंचित खाली आहे आणि मावशीचे मावशीपण मला तिथेच दिसते.